कुलूपवाल्याची पायरी

“ती येईपर्यंत आपण ताटकळायचं. आणि वर टाळ्याही वाजवायच्या.”

“हळू बोल. आत असेल.”

“असू दे. बाळंतीण सुटायला इतका वेळ लागत नाही. आज सव्वासात वाजवले तिने. घरी दोघं डब्यासाठी दारात उभे असतील माझ्या.”

“मग निघून जायचं.”

“कशी जाणार? शेवटचा माणूस आल्याशिवाय कुणी हलायचं नाही म्हणे. त्या कवळीवालीला कुणीतरी सांगा, बाई गं, तू आपली चालायला जात जा.”

नळ बंद करायला पुढे केलेला माझा हात तसाच राहिला. तळ्यावरच्या बायकांच्या स्वच्छतागृहात मधे पत्र्याची एक आडभिंत, वरून आणि खालून उघडी. खालच्या फटीतून त्यांचे बूट दिसत होते, एक जोड निळा, एक करडा. निळे बूट आमच्या पळण्याच्या गटातल्या, शाळेत शिकवणाऱ्या बाईंचे. पाचच मिनिटांपूर्वी मी तळ्याची फेरी संपवून फाटकातून आत आले तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या होत्या. मी नळ चालूच ठेवला, म्हणजे त्यांना वाटावं की आत कुणी तोंड धुतंय आणि ऐकत नाहीये. पाण्याखाली हात धरून मी वाट पाहत राहिले की आता राग येईल, निदान रडू तरी. काहीच आलं नाही. उलट खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. मी कवळ्यांच्या कारखान्यात काम करते, तिथे असं होतं. कवळी पहिल्यांदा बसवल्यावर दहांतले नऊ जण आरशात बघून म्हणतात, छान झालीय हो. घरी जातात, आठ दिवस हिरड्या सोलवटून घेतात आणि मग ती छान झालेली कवळी कपाटात ठेवून देतात, कायमची. दहावा माणूस तिथल्या तिथे कुरकुरतो, इथे टोचतंय, इथे उचलतंय. काम नीट होतं ते त्या दहाव्याचं. इतकं सगळं मला कळत होतं, तरी बूट बाहेर पडल्यावरही मी बरीच मिनिटं तिथेच उभी होते, आणि कामावर जायला उशीर झाला.

कामाची जागा म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत प्लास्टरची पांढरी धूळ, आतल्या खोलीत मेण, स्पिरिटचा दिवा आणि दातांचे ट्रे. मी इथे लागले ती फरशी पुसायला. मालकांच्या हाताखालचा माणूस एकदा दोन महिने आजारी पडला, तेव्हा मी पुसता पुसता पाहिलेलं होतं तेवढ्या भांडवलावर मेणात दात लावायला बसले, आणि अजून बसलेलीच आहे. शिकवलं कुणी नाही. दाढा आधी लावायच्या की पुढचे, हे मला आजही पुस्तकातलं सांगता येणार नाही, हाताला माहीत आहे. वरचे चौदा, खालचे चौदा. अक्कलदाढ कवळीत नसते. मालक म्हणतात, ज्याचे सगळे दात गेले त्याला अक्कल आलेलीच असते. हा विनोद ते दर गिऱ्हाइकाला ऐकवतात आणि गिऱ्हाईक हसलं की त्याच्या तोंडात डोकावून घेतात. तळ्याभोवती छप्पन्न दिव्यांचे खांब आहेत, म्हणजे बरोबर दोन कवळ्या. पाच महिन्यांपूर्वी मी पहिल्यांदा पळायला आले तेव्हा सर म्हणाले, “काकू, अख्ख्या फेरीचा विचार करायचाच नाही. फक्त पुढचा खांब.” सर म्हणजे तीस वर्षांचा मुलगा, आमच्या गटाला शिकवतो, गळ्यात शिट्टी, बोलण्यात सुविचार. मन कणखर करा, पाय आपोआप येतील. दमतं ते मन, शरीर नंतर. ऐकताना मला कंटाळा यायचा, पण तो खांबाचा उपाय मात्र मी उचलला. पहिला खांब उजवी शेवटची दाढ, मग तिच्या शेजारची, असं करत सुळा, पुढचे दात, परत सुळा, दाढा. वरचा जबडा भरला की खालचा. बाकीचे लोक पळताना काय विचार करतात मला माहीत नाही. मी तळ्याच्या तोंडात दात लावत जायचे.

त्यांना वाटतं मी वजनासाठी येते. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं होतं, काय ध्येय? मी म्हटलं, वजन. हे उत्तर बायकांना फार सोपं पडतं, कुणी पुढे विचारत नाही. सरांनी वहीत लिहिलं आणि म्हणाले, “काकू, उजवी मूठ एवढी आवळू नका. हातात अंडं धरलंय समजा.” तेव्हापासून रोज सांगतात. मी रोज मूठ सैल करते आणि पाचव्या-सहाव्या दाताला ती पुन्हा आवळलेली असते. आणि एक्केचाळिसाव्या खांबापाशी सिमेंटचं एक बाकडं आहे, तिथे मी बसते. पहिल्या आठवड्यात बसले ते कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या महिन्यात सर म्हणाले, होईल. आता ते त्याबद्दल बोलत नाहीत. पाय दुखत नसतात. श्वास लागलेला असतो, पण तो तिसाव्या खांबापासूनच लागलेला असतो. बाकडं लांबून दिसतं, आणि गुडघ्यांना कुणीतरी मागून हलकेच टेकवलं की ते कसे वाकतात, तसे ते वाकतात. मी बसते. माझ्या मागे पोस्टमनकाका असतात, ते थांबतात. गटात सर्वांत शेवटी पळायचं काम त्यांच्याकडे आहे, कुणी मागे राहू नये म्हणून. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण चाल अजून दारोदारीची आहे, पळतानाही प्रत्येक फाटकाकडे नजर जाते. मी बसले की ते तळ्याकडे तोंड करून उभे राहतात आणि बगळे मोजल्यासारखं करतात. कधी विचारत नाहीत. एकदाच म्हणाले होते, “टपालात एक बरं असतं, ताई. कितीही चढ असो, पत्र दुसऱ्याचं असतं.” मी त्यावर हं म्हटलं आणि उठले.

त्या दिवशी माझ्या हातात माझ्या नवऱ्याचे दात होते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, दुपारी अडीच-पावणेतीनची वेळ. जेवून ते आडवे झाले होते आणि मी भांडी विसळत होते. आवाज आला म्हणून गेले तर ते खाटेवर बसून छातीला हात लावत होते, घामाने सदरा पाठीला चिकटलेला. दुसरं कुणी असतं तर आधी दार उघडून ओरडलं असतं, शेजारी बोलावले असते. मी आधी त्यांचं तोंड उघडलं. वरचे चार पुढचे दात त्यांचे खोटे होते, तरुणपणी सायकलवरून पडल्यावर गेलेले, आणि ती छोटी कवळी मीच केलेली होती, माझ्या हातची पहिली स्वतंत्र. घशात जाईल, एवढंच मला सुचलं. ती काढली, मुठीत घेतली आणि मग फोनकडे गेले. दवाखान्याचा फोन कुणी उचलेना. डॉक्टर पेशंट तपासताना तो बाजूला काढून ठेवायचे, सगळ्या गल्लीला माहीत होतं. रुग्णवाहिकेवाले म्हणाले, अर्धा तास. दवाखाना आमच्या गल्लीच्या वरच्या टोकाला, चढावर, आमच्या दारापासून चारशे पावलं. सासूबाईंना म्हटलं, यांच्यापाशी बसा, आणि निघाले. जिना उतरले. चढ लागला. मी पळायला लागले, म्हणजे पळणं ज्याला म्हणतात ते शाळा सुटल्यापासून कधी केलेलं नव्हतं, ते करायला लागले. निम्म्या चढावर कुलूपवाल्याचं दुकान आहे. दुपारचं बंद होतं. त्याच्या तीन पायऱ्या, मधल्या पायरीचा टवका उडालेला. मी तिथे बसले.

का बसले याचं उत्तर मी दोन वर्षं शोधते आहे आणि ते दर वेळी वेगळं येतं. श्वास संपला होता हे खरं. डोळ्यांपुढे काजवे चमकले होते हेही खरं. पण त्याच्या खाली अजून एक आहे, आणि ते असं की त्या पायरीवर सावली होती, आणि मला वाटलं, आता काहीही होण्याआधी एवढं एक क्षणभर बसून घ्यावं. वीस वर्षं भांडी, मेण, जिना, दळण, सासऱ्यांचं आजारपण, मुलीची परीक्षा, कुठेही न बसता केलं, आणि बसायला मी नेमकी ती वेळ काढली. मूठ उघडून पाहिली तर दात ओले होते. मी ते पदराला पुसले. किती वेळ बसले? दोन मिनिटं असतील. चारही असतील. मग उठले आणि चालत वर गेले. हो, चालत. डॉक्टर मात्र खरेच पळत सुटले, माझ्या कितीतरी पुढे, आणि मी घरात शिरले तेव्हा ते हात धूत होते. बेसिनपाशी माझ्याकडे पाठ करून म्हणाले, “पाच मिनिटं इकडेतिकडे झाल्याने काही फरक पडला नसता.” मी विचारलं नव्हतं. पाच हा आकडा त्यांना कुणी दिला?

मग माणसं आली. नणंद, दीर, शेजारपाजारचे, परगावाहून मुलगी. आणि कशी कोण जाणे, पहिल्याच दिवशी ती गोष्ट तयार झाली. बिचारी धावत गेली हो दवाखान्यापर्यंत. पायांत चप्पल नव्हती. चप्पल होती. नणंद माझ्या पाठीवरून हात फिरवत येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, “वहिनीने तिच्याकडून काही कमी केलं नाही. एवढा चढ, या वयात, जीव खाऊन पळाली.” आणि येणारा प्रत्येक जण माझ्याकडे बघून मान हलवत होता. मी पहिल्या खेपेला काही बोलले नाही. दुसऱ्या खेपेला बोलले नाही, कारण पहिल्या खेपेला बोलले नव्हते. त्यानंतर ती गोष्ट माझी राहिलीच नाही, घराची झाली. सासूबाई कोपऱ्यात बसून होत्या, त्यांनी ती शंभरदा ऐकली असेल, आणि त्यांनीही कधी काही म्हटलं नाही. त्यांना तरी काय ठाऊक असणार, त्या आत होत्या. मी त्या गल्लीने वर जाणं सोडलं. कारखान्याला जायला खालून वळसा घालते, पंधरा मिनिटं जास्त लागतात. सासूबाईंना वाटतं, चढ सोसत नाही. पाच महिन्यांपूर्वी कारखान्यात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने आमच्या भिंतीवरची तळ्याच्या धावण्याची जाहिरात वाचली आणि मला म्हणाला, तुम्हीही जा की, आणि मी दुसऱ्या दिवशी गेले. खोटं खरं करता आलं तर पाहावं, असं काहीसं मनात असेल. एकदा, एका दमात, न बसता. तेवढंच हवं होतं. वजन नव्हे.

आडभिंतीमागचं बोलणं ऐकल्यावर मी तळ्यावर जाणं बंद केलं. सकाळी जाग पाचलाच यायची. पडून छताकडे बघत राहायचे. चौथ्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, “बूट वाळत टाकलेत की टाकून दिलेत?”

“गुडघा दुखतोय, आई.”

“कुठला?”

मला क्षणभर ठरवावं लागलं. “डावा.”

“काल उजव्याला हात लावून उठत होतीस.” त्या माझ्याकडे न बघता भाजी निवडायला बसल्या. एकोणऐंशी वर्षं वय, नजर सुईची. आम्ही दोघीच आता. दिवसाकाठी तीस वाक्यं बोलत असू, त्यांतली वीस गॅस, दूध आणि औषधांची. त्यांच्या मुलाबद्दल बोलतो तेव्हा त्याला काय आवडायचं एवढंच बोलतो. त्या दुपारबद्दल कधी नाही. तिच्या अवतीभवतीने आम्ही फिरतो, मोठ्या कपाटाच्या अवतीभवतीने फिरावं तसं. ते हलवायचं मनात येत नाही, कारण कुणाच्याने एकट्याने हलणार नाही.

आठव्या दिवशी संध्याकाळी पोस्टमनकाका आले. पत्ता मी दिलेला नव्हता, पण त्यांना पत्ता द्यायची गरज नव्हती. हातात माझी पाण्याची बाटली, तळ्यावर राहिलेली. तीन जिने चढून आले तरी श्वास लागला नव्हता. सासूबाईंनी चहा टाकला, आणि दोघं असे बोलायला लागले की जणू रोजची ओळख.

“या इमारतीला माझं टपाल नव्हतं, आजी. पलीकडच्या रस्त्यापासून माझी हद्द.”

“तरीच. आमचा पोस्टमन आळशी होता. खालीच टाकून जायचा.”

“त्याचे गुडघे वाईट होते.”

“सगळ्यांचेच असतात,” सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं.

काका माझ्याकडे वळले. “ताई, तुम्ही येत नाही तर माझी पंचाईत झालीय. मागे कुणीच नाही, मग मीच शेवटचा. सगळे मला टाळ्या वाजवतात. छत्तीस वर्षं नोकरी केली, अशी लाज कधी वाटली नाही.”

मी हसले. आठ दिवसांनी हसले असेन. मग म्हटलं, “लोकांचा खोळंबा होतो, काका. घरी डबे असतात त्यांचे.”

“होतो की,” ते म्हणाले. सरळ म्हणाले, नाही हो वगैरे काही नाही. “मी सरांना सांगितलं, टाळ्यांचं बंद करा, ज्याला जायचंय त्याला जाऊ द्या. आता जातात. तळं मोकळं असतं.” चहाचा शेवटचा घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला. “आणि बसायचं असेल तिथे बसा. माझं काही जात नाही. फक्त एक विचारू? ते बाकडं तुमचं नाहीये, ना? म्हणजे, तुम्ही त्याच्यावर बसता, पण ते दुसरंच कुठलंतरी आहे.”

सासूबाई ओट्याकडे तोंड करून दुधाचं पातेलं पुसत होत्या. ते पुसलेलंच होतं.

“टपालात आम्ही काय करायचो,” काका उठता उठता म्हणाले, “एखाद्या घरचं कुत्रं अंगावर यायचं, तर दुसऱ्या गल्लीतल्या कुत्र्याशी दोस्ती करून उपयोग नसायचा. त्याच घरी जावं लागायचं.” चपला घालून ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बूट घातले. सासूबाई जाग्या होत्या. खाली आले आणि तळ्याकडे जायचं डावं वळण सोडून उजवीकडे, चढाकडे तोंड केलं. दोन वर्षांत गल्ली बदलली होती असं म्हणवत नाही. तीच गटारं, तीच दोन झाडं, फक्त एका घराला हिरवा रंग. दूधवाला उतरत होता. मी निघाले. वरची उजवी शेवटची दाढ. पण इथे खांब फार नव्हते, म्हणून दारं घेतली, आणि दारं संपली तिथे नुसती पावलं. सरांचं एकही वाक्य आठवलं नाही. मन कणखर वगैरे काही झालं नाही. मन नेहमीसारखंच होतं, कुरकुरं, दमलेलं, परत फिरायला निमित्त शोधणारं, आणि मी त्याला बरोबर घेऊनच पळत होते, आजारी माणसाला हाताला धरून न्यावं तसं. कुलूपवाल्याचं दुकान दिसलं. फळ्या लावलेल्या. तीन पायऱ्या, मधली फुटकी. सकाळची वेळ, सावली सगळीकडेच होती, तरी त्या पायरीवरची मला वेगळी दिसली. गुडघे वाकले. खरंच वाकले, मला कळलं ते वाकताना, आणि माझा वेग इतका उतरला की शेजारून जाणारी म्हातारी मला मागे टाकून गेली. पायरीपाशी मी जवळजवळ जागच्या जागी पळत होते. हसू येण्यासारखं दिसत असणार. एक पाऊल, त्याच्या पुढे अर्धं. मग पायरी बाजूला आली. मग ती मागे गेली. काहीच झालं नाही. चढ उरलेलाच होता आणि छाती फाटत होती, आणि मला प्रचंड थकवा आला, दोन वर्षांचा एकदम, पण पाय चालू होते. वर दवाखान्याच्या जागी आता चष्म्यांचं दुकान झालंय. त्याच्या बंद शटरला मी हात लावला, तळवा सपाट, आणि थंडगार पत्रा लागला तेव्हा कळलं की मूठ उघडी आहे. कधी उघडली, ठाऊक नाही.

परत येताना चालत आले. पायरीकडे नीट बघितलं. कुणीतरी तिच्यावर गुळाच्या ढेपेसारखा एक दगड ठेवला होता, दाराला अडसर म्हणून असेल.

दार उघडंच होतं. सासूबाई खिडकीशी उभ्या होत्या, गज धरून, माझ्याकडे पाठ. मी बूट काढायला स्टुलावर बसले. नाड्यांची गाठ सुटेना. आता विचारतील, चहा टाकू का. मी वाट बघत होते.

“आज बसली नाहीस,” त्या म्हणाल्या.

माझे हात नाडीवर थांबले. आमच्या खिडकीतून कुलूपवाल्याचं दुकान दिसतं. पुरतं दिसतं, पायऱ्यांसकट. या घरात सत्तावीस वर्षं राहून ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असं कसं म्हणू. ठाऊक होती. फक्त मी तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

“तुम्ही बघितलं होतं, आई?”

“बघितलं.” त्या वळल्या नाहीत. “तू सांगून गेलीस, यांच्यापाशी बसा. मी नाही बसले. त्याच्याकडे बघवेना मला. इथे येऊन उभी राहिले, म्हटलं ही पोचली की जाऊन बसेन त्याच्याजवळ. तर तू मधेच बसलीस.”

खाली कुठेतरी बादलीत पाणी पडत होतं.

“तो मागून काहीतरी म्हणत होता. दात नव्हते, काय म्हणतो ते कळेना. मी म्हटलं, थांब रे जरा. आणि इथून तुला उठवत राहिले. ऊठ गं, ऊठ गं बाई, म्हणत. तू उठलीस. मग मी मागे वळले, तर तो गेला होता.”